फोटोतला अंगठा

एक अंगठा. डावा. आंब्याच्या चिकानं नखाच्या कडेला काळा पडलेला.

आमच्या माजघराच्या दारावर खडूनं लिहिलेलं ‘आत येऊ नये, रंग ओला आहे’. रंग वाळून वर्ष झालं, अक्षरं तशीच.

मे महिन्यात बाबांना येणारे फोन. ठाणे, विलेपार्ले, नाशिक. “तुमचं नाव देवगडहून कळलं.” बाबा फोन ठेवून म्हणायचे, “देवगडला आपलं कोण आहे रे?” आणि पेटी भरायला घ्यायचे.

पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर रुमालात बांधलेला स्टीलचा डबा.

पहिला. पहिला. पहिला.

*

शोध: हापूस आंबा घरपोच

“बाबा, आपण पहिले आलो!”

“कशात?”

“गूगलवर. ‘हापूस आंबा घरपोच’ लिहिलं की सगळ्यात वर आपण.”

पलीकडे फक्त झावळ्या ओढल्याचा आवाज. बाबा फोन खांद्यात धरून काम करत होते.

“आणि ते देवगडवाले?”

“ते नाहीतच.”

“नाहीत म्हणजे? खाली गेले?”

“खालीपण नाहीत. मी पार शेवटपर्यंत बघितलं. गायब.”

झावळ्या थांबल्या.

“असे कसे गायब होतील? माणसं आहेत ती. बघ जरा, काय झालं त्यांना.”

“मी कशाला बघू?”

“नाही तर कोण बघणार? रोज सकाळी तूच तर बघतोस.”

हे बोलणं झालं तेव्हा मी पुण्यात, एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत, गळ्यात ओळखपत्र अडकवून चहा पीत उभा होतो. मार्चचे पहिले दिवस होते. आत दालनात शोध-मार्केटिंगवाल्यांची परिषद भरली होती. हे मार्केटिंगवाले म्हणजे ज्यांचं सगळं आयुष्य एका प्रश्नावर चालतं ते लोक: कुणी काही शोधलं, तर आधी कोण दिसणार? दंतवैद्य शोधला तर कुठला दंतवैद्य, मंगल कार्यालय शोधलं तर कुठलं कार्यालय. एजन्सीतली मुलं एकसारखे काळे टी-शर्ट घालून आली होती आणि एकमेकांना कसले कसले आलेख दाखवत होती. मी एकटा होतो. गोळपहून आलो होतो. माझ्याकडे एकच गिऱ्हाईक होतं, माझे वडील.

*

आता ‘तो’.

‘कुबल बाग, देवगड’ हे पान चालवणाऱ्या माणसाला मी मनात ‘तो’ म्हणायचो. पाच वर्षं तो पहिला होता आणि मी दुसरा. रोज दात घासायच्या आधी मी त्याचं पान उघडायचो. त्यानं ‘नैसर्गिक पिकवलेला’ लिहिलं, की मी ‘गवताच्या अढीत पिकवलेला’ लिहायचो. आठवडाभरात त्याच्या पानावर अढीचा फोटो. मी देठाजवळचा वास कसा ओळखायचा ते लिहिलं, त्यानं साल सुरकुतायला कधी लागते ते लिहिलं. एकदा त्यानं पंधरवडाभर काहीच बदललं नाही तर मला चैन पडेना.

तो कसा दिसतो तेही मी ठरवून टाकलं होतं. अंधेरीतलं थंडगार ऑफिस. दाढी. कानांवर ते मोठे हेडफोन. झाडावर कधी चढला नसणार, पण मोहोराबद्दल असं लिहायचा की वाचणाऱ्याला शिंका यावी.

आणि मला त्याला मागं टाकायचं होतं. नुसती हौस नव्हती. बाबांनी माघातच सांगून ठेवलं होतं, “यंदा आपल्या नावानं पेट्या गेल्या तर गेल्या. नाही तर पुढच्या साली बाग मोहोरावरच व्यापाऱ्याला देऊन टाकू. मला आता वर-खाली होत नाही.” व्यापाऱ्याला दिलेल्या बागेत आंबा आपला असतो, पण पेटीवर नाव त्याचं. बाबांच्या वडिलांनी लावलेली कलमं होती ती.

पाडव्याला बुकिंग सुरू व्हायचं होतं. आणि आज मी पहिला होतो.

*

शोध: कुबल बाग देवगड

काही नाही.

बाबांनी सांगितलं म्हणून बघितलं. त्यांच्या पानाचा पत्ता मला पाठ होता. पुण्याला यायच्या गडबडीत दोन दिवस मी ते उघडलं नव्हतं. पत्ता सरळ टाकला तर पान झोकात उघडलं. नवंकोरं, हिरव्या रंगाचं, पूर्वीपेक्षा किती तरी देखणं. मग मी लॅपटॉप काढून त्या पानाच्या पोटात शिरलो आणि मला ती ओळ दिसली.

अशी एक ओळ असते. ती पानात लिहिली की गूगल त्या पानाला आपल्या यादीतून काढून टाकतं. पान असतं, उघडतं, पण शोधणाऱ्याला सापडत नाही. नवं पान बांधताना ती मुद्दाम घालतात, अर्धवट काम कुणाला दिसू नये म्हणून. दाराला रंग देताना ‘आत येऊ नये’ लिहितात तसं. रंग झाला की पुसायचं.

तो पुसायला विसरला होता.

मी आणखी एक चहा घेतला. दोन साखरेच्या पुड्या टाकल्या. मग भिंतीवरचा कार्यक्रम वाचला:

दुपारी तीन. ‘पाच वर्षं पहिल्या क्रमांकावर: एका बागेची गोष्ट’ (प्रत्यक्ष शोधासह). वक्ते: प्र. कुबल.

प्रत्यक्ष शोधासह! म्हणजे तो मंचावर उभा राहून, भिंतीएवढ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर ‘हापूस आंबा घरपोच’ टाइप करणार. आणि वर येणार मी.

मी आत गेलो आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवून आलो.

*

जेवणाच्या वेळी एक बाई माझ्या टेबलापाशी आल्या. माझ्या आईच्या वयाच्या. कॉटनची साडी, केसांत अबोली, गळ्यातलं ओळखपत्र उलटं फिरलेलं.

“इथं कोणी बसलंय?”

“नाही, बसा ना.”

त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेला डबा काढला आणि माझ्या ताटाकडे बघितलं.

“सोलकढी घेतलीस? टाक ती. गुलाबी सरबत आहे नुसतं. आणि हे घे.” त्यांनी माझ्या ताटात तांदळाची भाकरी आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, खोबरं घातलेली किसमूर वाढली. वास दरवळला. शेजारच्या टेबलावरची काळ्या टी-शर्टातली मुलं वळून बघू लागली.

“काकू, सगळे बघतायत.”

“बघूदेत. नंतर मागायला येतील. तू कुठला?”

“रत्नागिरीकडचा.”

“तरीच सुंगटांना नाक मुरडलं नाहीस. खा. मला काही घास उतरत नाही. माका तीन वाजता बोलूचा आसा.”

माझा हात ताटातच थांबला.

“तीन वाजता... म्हणजे तुम्ही...”

त्यांनी ओळखपत्र सरळ केलं. प्रतिमा कुबल. कुबल बाग, देवगड.

अंधेरीतला दाढीवाला मुलगा त्या भाकरीच्या घासाबरोबर गिळून टाकायला मला दोन घोट पाणी लागलं.

“पान... तुम्ही चालवता? स्वतः?”

“मग कोण? मुलानं बनवून दिलं आणि गेला मस्कतला. मी देवगडला टायपिंगचे क्लास घ्यायचे, बोटं तयार होती. बाकीचं बघून बघून. रोज सकाळी उठले की आधी तेच. आमचे हे म्हणतात, देवाला दिवा नंतर, गूगलला आधी!” त्या हसल्या. “आज मात्र बघितलं नाही हं. म्हटलं, आपलीच दृष्ट लागायची. आता स्टेजवरच बघू, सगळ्यांबरोबर.”

मी भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत बसलो. गप्प राहायचं तर काहीच करायचं नव्हतं. नुसतं जेवायचं होतं.

“का रे? तिखट लागलं?”

“काकू, तुम्ही एवढ्यात पान नवीन केलंत का?”

“होय! तुला कसं कळलं?”

“करताना ती ओळ घातली होती? गूगलनं बघू नये म्हणून?”

“घातली होती. नियमच आहे तो.”

“काढलीत?”

“काढली की!” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “काढलीच असणार.” मग फोन काढून त्यांनी स्वतःच्या पानाचा पत्ता टाकला आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. “हे बघ. उघडतंय. घाबरवलंस ना मला!”

“उघडतं हो. शोधलं की येत नाही.”

“काहीतरीच.”

“माझ्या फोनवर बघा.”

त्यांनी माझा फोन घेतला, टेबलावर आडवा ठेवला आणि टायपिंगच्या बाईंसारखं ताठ बसून टाइप केलं. बघितलं. बोटानं वर सरकवलं. आणखी वर. चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, फक्त आता ते कुणाचं तरी दुसऱ्याचं वाटत होतं. मग त्या परत सुरुवातीला आल्या आणि पहिलं नाव मोठ्यानं वाचलं.

“शेट्ये आंबेवाले, गोळप.”

नंतर माझ्या ओळखपत्राकडे बघितलं. माझं सरळच होतं.

“तू शेट्ये?”

“हो. निनाद शेट्ये.”

“अंगठेवाले शेट्ये?”

“म्हणजे?”

“तुमच्या पानावरच्या फोटोत आंब्याबरोबर अंगठा येतो. दर वर्षी.” त्यांचे डोळे बारीक झाले. “मेल्या, देठाचो वास तू लिवलेलंस?”

“हो. आणि साल सुरकुतायचं तुम्ही.”

“आणि आज तू पहिलो.”

“हो.”

“आणि तूच माका सांगतंस?” त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. “रत्नागिरीकर, खरं सांग, तुझा डाव काय? बोलायच्या आधी मला घाबरवून पळवून लावायचं?”

मला राग यायला हवा होता. आला नाही. जे खरं होतं ते सांगितलं.

“बाबा म्हणाले, बघ त्यांना काय झालं.”

काकूंनी डब्याचं झाकण लावलं, डबा बाजूला सारला आणि म्हणाल्या, “काढ तुझो लॅपटॉप.”

त्यांनी आपला पासवर्ड टाकून पान आतून उघडलं. ओळ तिथंच होती. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, जशी माणसं आपल्याच हातची जुनी चिठ्ठी वाचतात.

“मीच घातलेली. त्या दिवशी सगळं पुरं केलं, शेवटी ही काढायची म्हणून बसले, तेवढ्यात मस्कतहून नातीचा पहिला व्हिडिओ आला. जांभई देत होती. मी उठले ती उठलेच.” त्यांनी ओळ पुसली. “झालं?”

“झालं. आता गूगल परत फिरकेल तेव्हा पान दिसायला लागेल.”

“तीनपर्यंत?”

“नाही काकू. बघू, एक-दोन दिवस.”

“हं.”

“तो प्रत्यक्ष शोध गाळून टाका ना. जुने फोटो असतील स्क्रीनचे, ते दाखवा. कुणाला कळणार नाही.”

“पाच वर्षं सकाळी तुझं पान वाचतेय, तेव्हा शहाणा वाटला होतास,” काकू म्हणाल्या. “गप रव आणि ती सुंगटा संपव.”

*

पहिल्या रांगेतली माझी खुर्ची मोकळीच होती. मी ती कशासाठी धरली होती ते आठवून मला तिथं बसवेना. पण मागं जागा नव्हती.

काकू मंचावर गेल्या, पदर खोचला आणि पहिली पाच मिनिटं फक्त कलमांबद्दल बोलल्या. मोहोर किती राहतो, किती गळतो, लोक शोधताना कुठले शब्द लिहितात. मुलं हसत होती, टिपून घेत होती. मग त्या संगणकाशी गेल्या. मी मनात म्हटलं, नका, नका.

त्यांनी टाइप केलं: हापूस आंबा घरपोच.

पडद्यावर सगळ्यात वर, गाडीएवढ्या अक्षरांत: शेट्ये आंबेवाले, गोळप.

मागं कुजबुज सुरू झाली. कुणीतरी हसलं. सूत्रसंचालक लगबगीनं पुढं आला. “मॅडम, बहुतेक इथलं नेट...”

“नेट बरोबर आहे,” काकू म्हणाल्या. “मी चुकलेय.”

त्या पडद्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

“पाच वर्षं मी पहिली होते. आज यादीतच नाही. नवं पान बांधलं, दाराला ‘आत येऊ नये’ लावलं आणि काढायला विसरले. तुमच्यातल्या किती जणांनी हे केलंय? हात वर करा.”

आधी एकही हात नाही. मग मागून एक. मग काळ्या टी-शर्टातले दोन. मग हसू फुटलं आणि हातच हात वर आले. सूत्रसंचालकाचासुद्धा.

“बघा. आणि मला हे सांगितलं कुणी? ज्याला गप्प बसून फायदा होता त्यानं.” त्यांनी बोट दाखवलं. “तो काय, पहिल्या रांगेत. उभो रव रे झिला!”

मी उभा राहिलो. काय करायचं ते न कळून नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बसतोय तोवर काकूंनी माझं पान उघडलं होतं.

फोटो पडद्यावर आला. डाव्या हातात आंबा. उजव्यात फोन असणार, म्हणून अंगठा नेहमी डावा. पडद्यावर तो माणसाएवढा दिसत होता. नखाच्या कडेचा चीक, पेराजवळचा जुना व्रण, सगळं.

“ह्या अंगठ्यानं मला पाच वर्षं झोपू दिलं नाही,” काकू म्हणाल्या. “मी लाख सुंदर फोटो टाकले. पण लोक ह्याच्याकडे का जातात ते मला कळायचं. आंबा कुणाचाही असू शकतो. हा अंगठा झाडावर चढणाऱ्याचा आहे.” त्यांनी पानाच्या जुन्या वर्षांचे फोटो एकामागून एक पुढं सरकवले. बाबांचा अंगठा, बाबांचा अंगठा. मग त्या थांबल्या. “हा परवाच्या सालचा. हा बघा. व्रण नाही. नख स्वच्छ. हा पोराचा. मी तेव्हाच आमच्या ह्यांना म्हटलं, म्हातारो आजारी असतलो.”

सगळे हसले. मी हसलो नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या मोसमात बाबा मिरजेला इस्पितळात होते. फोटो मी काढला होता, घाईघाईत, पडवीत. घरी कुणालाही फरक कळला नव्हता. आईलाही नाही. मलाही नाही.

*

बाहेर आल्यावर काकूंना मुलांनी गराडा घातला होता. एका मुलानं खरंच डबा मागितला. त्यातून वाट काढत त्या माझ्याकडे आल्या.

“बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. यंदाचा अंगठा त्यांचाच आहे.”

“बघितलं मी. चांगला चीक लागलाय.” त्यांनी रिकामा डबा रुमालात बांधला. “उद्या-परवा मी परत वर येणार हं. मग रडू नको.”

“येऊन तर दाखवा.”

“मेल्या!” असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि स्वारगेटला जायला रिक्षा थांबवली.

त्या आल्याच. पाडव्याच्या आधी त्या पहिल्या आणि मी दुसरा. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “चला, सापडले ना!” आणि पेट्यांचे खिळे मोजायला बसले. त्या साली दुसरे असूनही आमच्या नावानं पेट्या गेल्या. बाग व्यापाऱ्याला दिली नाही, अजूनही नाही.

*

शोध: देवगडला आपलं कोण आहे

हे गूगलवर सापडत नाही. मी लिहून बघितलंय.

त्या मे महिन्यात पुन्हा तो फोन आला. बाबा अढीपाशी होते म्हणून मी घेतला. बोरिवलीच्या एक बाई होत्या. “तुमचं नाव देवगडहून कळलं.”

“देवगडला कुणाकडून?”

“अहो, त्या कुबलांच्या पानावरच लिहिलंय.”

मोसम सरत आला की मी त्यांचं पान बघत नसे. शर्यत संपलेली असायची, आणि आमच्याकडे पेट्या बांधायची घाई. त्या दिवशी पहिल्यांदा मे महिन्यात उघडलं. हिरवं सुंदर पान नव्हतंच. त्या जागी, पेट्या संपल्यावर त्या लावतात ते साधं पांढरं पान होतं:

‘यंदाच्या आमच्या पेट्या संपल्या. अजून हवा असेल तर रत्नागिरीजवळ गोळपला शेट्ये यांना विचारा. माणसं खरी आहेत.’

खाली बाबांचा फोन नंबर. आमच्या धंद्यात आपल्या पानावरून स्पर्धकाचं दार कुणी दाखवत नाही. मी ते पान तसंच उघडं ठेवून अढीपाशी गेलो आणि बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी हातातला आंबा खाली ठेवला, पुन्हा एकदा वाचायला सांगितलं, आणि म्हणाले, “देवगडला एक पेटी पाठव.”

“त्यांना? आंब्याची पेटी? देवगडला?”

“हो. वर अंगठ्याचा फोटो लाव.”

जुनी पानं साठवून ठेवणारी एक जागा इंटरनेटवर असते. तिथं मी नंतर बघितलं. ‘शेट्ये यांना विचारा’ ही ओळ त्या पांढऱ्या पानावर पहिल्यांदा आली ती पुण्याच्या परिषदेच्या दोन वर्षं आधी, बाबा मिरजेला होते त्या मोसमात.